आई, वहिनीला बोल लावू नकोस

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाळाच्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट दादानं पाठवला. डॉक्टर म्हणाले तेच मीही म्हणेन. हृदयातलं छिद्र बारीक आहे, अशी बरीच छिद्रं पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. बाळ नीट दूध पितंय, वजन धरतंय, तोवर दिलेल्या तारखेला दाखवून यायचं, बस्स.

पत्र लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आई, फोनवर तू म्हणालीस, "वेधात विळी घेऊन बसली होती, मी नको नको म्हणत होते." म्हणजे ग्रहणात वहिनीनं चिरलं म्हणून बाळाच्या हृदयाला छिद्र पडलं, असं तुझं म्हणणं. वहिनी पलीकडच्याच खोलीत असणार, आणि आपल्या शुक्रवार पेठेतल्या घरात या खोलीतलं त्या खोलीत स्वच्छ ऐकू जातं.

ते चंद्रग्रहण ७ सप्टेंबरचं. वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत गर्भ सात-आठ आठवड्यांचा होईतो बांधून होते. म्हणजे वेध लागले तेव्हा राहायचं ते छिद्र केव्हाच राहून गेलेलं होतं.

माझं काम कोंबडीच्या अंड्यांवर चालतं, त्यावरून बाबांनी माझी पुरेशी चेष्टा केलीय. अंडं उबवायला ठेवलं की पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, पण हृदय दीड दिवसाच्या सुमारासच हलायला लागतं. माणसात हे साधारण २२व्या दिवशी होतं. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. तेव्हा हृदय म्हणजे नुसती एक नळी असते. दोन्ही बाजूंनी पेशी सरकत मध्यावर येतात, एकमेकींना धरतात आणि ती नळी होते.

धरतात त्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी ती शोधली. त्यांची पकड बसायला कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की पेशी सुट्या होतात. हृदयातलं मुख्य म्हणजे एन-कॅडहेरिन. ते बनवणारं जनुक नसलेले उंदराचे गर्भ १९९७ साली शास्त्रज्ञांनी तपासले. हृदयाच्या पेशी तयार झाल्या होत्या, पण एकमेकींना धरून राहीनात, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास गर्भ दगावले. पुढे २००१ साली अशाच गर्भांना फक्त हृदयापुरतं एन-कॅडहेरिन परत दिलं, तेव्हा हृदय सावरलं. गंमत म्हणजे त्याऐवजी ई-कॅडहेरिन, जे कातडीच्या पेशींत असतं, ते दिलं तरी सावरलं! मला हा प्रयोग फार आवडतो. त्या घडीला हृदयाला पकड हवी होती, मग ती कुणाची का असेना.

पण नुसती पकड पुरत नाही. बाबा, तालमीत पोरांना तुम्ही ओरडून सांगायचात ना, पकड सोडायची कधी तेही शिका? इथंही तसंच आहे. हृदयाच्या आतल्या अस्तरातल्या काही पेशींवरचं व्हीई-कॅडहेरिन, म्हणजे त्याच कुळातलं आणखी एक प्रथिन, ठरावीक जागी, ठरावीक वेळी कमी होतं. त्या शेजारच्या पेशींपासून सुटतात आणि खालच्या मऊ थरात शिरतात. तिथं फुगवटे येतात. त्या फुगवट्यांतून झडपा घडतात आणि मधल्या भिंतीचा वरचा पातळ भागही. आपल्या बाळाचं छिद्र त्याच पातळ भागात आहे, झडपेच्या खाली.

एवढं सगळं दुसऱ्या महिन्याच्या आत, हरभऱ्याहून लहान हृदयात होतं. म्हणूनच हजारात आठ-दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष निघतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना एकच एक कारण दाखवता येत नाही. ज्यांना येतं त्यांत रुबेला असतो, आईची ताब्यात नसलेली साखर असते, काही औषधं, कधी जनुकं. वहिनीच्या बाबतीत डॉक्टरांनी हे सगळं विचारून घेतलंय, त्यातलं काही नव्हतं. आणि विळी या यादीत कुठंच नाही.

जोतिबाला नवस बोललीस तो खुशाल फेड, माझी ना नाही. फक्त एवढ्या लहान बाळाला गुलालात नेऊ नका. वहिनीला शनिवारचे उपास लावलेस ते मात्र आजच बंद कर. अंगावर पाजणारी बाई आहे ती, तिला पोटभर जेवू घाल. शेजारच्या काकू विचारायला आल्या तर "जन्मतःच आहे, डॉक्टर बुजेल म्हणालेत" एवढंच सांग. वेधाचा विषय काढू नकोस, तिच्यासमोर तर नाहीच.

बाबा, इकोचा कागद देवघराच्या फळीवर ठेवू नका, फाईलला लावा. पुढच्या वेळी डॉक्टर छिद्राचं माप जुन्या मापाशी ताडून बघतील.

तुमची,
धाकटी