नसलेलं पुस्तक शोधायला सोबत आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवून निघून जाणं सोपं होतं. पण तुमच्या कामाबद्दल मी जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो. ते मागे घ्यायचं तर चारचौघांतच घ्यायला हवं, म्हणून उघड लिहितोय. पालकसभेत उभं राहून "हल्ली सगळं फोनवर मिळतं, मग शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल कशाला हवा?" असं विचारणारा पालक मीच. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. काहीच बोलला नाहीत.

त्यानंतर महिन्याभरातच माझ्या मुलीच्या वहीवर लाल शाईत शेरा आला : "खोटे संदर्भ. पालकांनी भेटावे." सातवीतली मुलगी, मधमाश्यांवरचा प्रकल्प. माहिती तिने चॅटबॉटला विचारली आणि त्याने दिलेलं एक पुस्तक, लेखकाच्या नावासकट, प्रकाशनाच्या वर्षासकट, संदर्भ म्हणून खाली लिहून टाकलं. असं पुस्तकच नव्हतं. मी भेटायला गेलो तर मला ऐकवण्यात आलं की मुलीला फसवायची सवय लागतेय, आत्ताच आवरा. तिला वर्गात उभं करून हे सगळं आधीच सांगून झालं होतं. पण ते पुस्तक खोटं आहे हे ओळखायचं कसं, एवढं मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. घरी येऊन मीही आवाजच चढवला.

मग ती तुमच्याकडे आली, वही पोटाशी धरून. पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं. एकदा नाही, निदान पाच वेळा.

तुम्ही शेरा वाचलात, वही मिटलीत आणि म्हणालात, "चल, शोधू या." खुर्चीवरून उठलात. आधी कपाटांपाशी. 595.799, म्हणजे मधमाशी कीटक म्हणून जिथे सापडते तो कप्पा. तिथे नाही. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला 638.1, म्हणजे मधासाठी मधमाश्या पाळण्याचा कप्पा. तिथेही नाही. एकाच माशीची दोन घरं कशी, हे तिने विचारलं आणि तुम्ही उभ्याउभ्याच सांगितलंत की पुस्तकाची जागा नुसत्या विषयावर ठरत नाही, त्या विषयाकडे कुठल्या बाजूने पाहिलंय त्यावर ठरते. मग संगणकावरची तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी. मग दुसऱ्या मोठ्या ग्रंथालयांच्या तालिका. शेवटी तुम्ही तिला चॅटबॉटने त्या पुस्तकाचा म्हणून दिलेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवायला लावलात. तेरा अंक. पहिला तसाच ठेवायचा, दुसऱ्याला तीनने गुणायचं, तिसरा तसाच, चौथ्याला तीनने, असं शेवटपर्यंत. सगळ्याची बेरीज करायची आणि तिला दहाने पूर्ण भाग जायला हवा. बेरीज आली 117.

"मॅडम, हे पुस्तक असूच शकत नाही," असं ती म्हणाली. ती म्हणाली, तुम्ही नाही. त्यावर तुम्ही एवढंच जोडलंत की बेरीज जुळली असती तरी पुस्तक खरं ठरत नाही, तालिकेत बघावंच लागतं.

त्या रात्री झोपताना ती मला म्हणाली, "बाबा, मॅडमना ते पहिल्यापासून माहीत होतं ना?"

होतं. नक्कीच होतं. वर्षानुवर्षं पुस्तकं हाताळणाऱ्या माणसाला असा संदर्भ पाहताक्षणी कळतो. तरी तुम्ही अर्धा तास एका नसलेल्या पुस्तकामागे तिच्यासोबत खोलीभर फिरलात, वाकून खालचे कप्पेसुद्धा पाहिलेत. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. त्या अर्ध्या तासात ती गुन्हेगार नव्हती, शोध घेणारी होती.

तेव्हापासून मी जमेल तसं वाचतोय, कारण तुम्ही नक्की काय करता हे मला माहीतच नव्हतं. माझ्या लहानपणी शाळेचं वाचनालय म्हणजे काचेची कुलूपबंद कपाटं. साठागणनेला एकही पुस्तक कमी भरू नये, एवढीच ग्रंथपालाकडून अपेक्षा. आणि पुस्तक हरवलं तर जाब त्यालाच द्यावा लागणार असेल तर ते बाहेर जाऊ न देणं त्याच्या सोयीचंच. त्या कपाटांतल्या पुस्तकांचे नुसते कणे मी वाचलेत. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रंगनाथन यांनी ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली ती 1931 मध्ये, आणि त्यांतलं पहिलंच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' असं आहे. मी शाळेत गेलो तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी कुलूप होतंच. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी गणित शिकवायचे. हे वाचलं तेव्हा मला तुमचा तो बेरजेचा कागद आठवला.

आता अपेक्षा उलट्या बाजूने वाढल्यात. पुस्तकांची देवघेव आहेच. शिवाय कुठली माहिती कुणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली हे मुलांना तपासायला शिकवायचं. दुसऱ्याचे शब्द वापरले तर त्याचं नाव द्यायला शिकवायचं. आणि 2022 च्या अखेरीपासून चॅटबॉट घरोघरी आल्यावर हे नवं काम : वाक्य गुळगुळीत आहे म्हणून ते खरं नसतं, हे बारा वर्षांच्या मुलांना पटवायचं. ते यंत्र दर वेळी तालिका उघडून बघतंच असं नाही, पुढे कुठले शब्द शोभतील ते जुळवतं, म्हणून कधी नसलेलं पुस्तकही ऐटीत सांगतं. तुम्ही हे मुलीला समजावलंत, तिने मला. हे सगळं करायचं आणि कोणी शिक्षक रजेवर असला की ऑफ तासाला वर्ग सांभाळायलाही तुम्हालाच धाडायचं. त्या तासाला लायब्ररी बंद. दोन वेळा मी स्वतः दाराला कुलूप पाहिलं आणि मनात तुम्हालाच बोल लावला. माफ करा.

मुलांच्या हातून चुका होतात हे सगळ्यांनाच कळतं. पण चूक दिसली की आधी आपलं बरोबर असणं मिरवायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं. मला जमलं नाही. शेरा लिहिणाऱ्यांना जमलं नाही. तुम्हाला मात्र त्यासाठी वेगळं काही करावं लागलं असं वाटत नाही. तुम्ही नुसत्या उठलात आणि चालू लागलात.

प्रकल्प तिने पुन्हा लिहिला. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ कसा लावला, नाचाच्या कोनातून दिशा आणि वेळातून अंतर कसं कळतं, त्यांना 1973 चं नोबेल इतर दोघांबरोबर कसं विभागून मिळालं, हे सगळं तिने तुमच्या कपाटातल्या खऱ्या पुस्तकातून घेतलं. यावेळी संदर्भाखाली पानांचे आकडेसुद्धा आहेत. किती गुण मिळाले ते मी विचारलं नाही.

पुढच्या पालकसभेत मी पुन्हा उभा राहणार आहे. लायब्ररीच्या तासाला तुम्हाला दुसऱ्या वर्गावर पाठवू नये, हे मागायला. तुम्ही त्या दिवशी पुढच्या रांगेत बसाल का?

आणि एक. तुमच्या अक्षरातली 638.1 ची चिठ्ठी तिने कंपासपेटीत ठेवलीय, ती काही परत मिळायची नाही. पुस्तक मात्र सोमवारी आणून देते. तारीख उलटून तीन दिवस झालेत, शेवटचं प्रकरण ती दुसऱ्यांदा वाचतेय.

तुमचा ऋणी,
सातवीतल्या त्या मुलीचा बाबा