पडद्यामागची गाठ

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून माझे पत्र नाही, म्हणून तू रागावली असशीलच; तो राग भेटीपर्यंत राखून ठेव. आम्ही सगळे ठीक आहोत, आईचा गुडघा आहे तसाच.

ब्लाऊज शिवून घर चालवणारी एक बाई माझ्याकडे उपचारांना येते. एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा तिचा सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ४० च्या आत होता आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांभर बाजरी पेरल्यासारखे ठिपके होते. डोळ्यांबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. तरीही औषध घालून बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घेतला, तेव्हा उजव्या डोळ्यात पडद्यामागच्या थरात, मॅक्युलाला (बारीक नजरेच्या मध्यभागाला) लागून, फिकट पिवळसर गाठ दिसली. (तुम्हा डोळेवाल्या डॉक्टरांना दोन इंचांपलीकडचा माणूस दिसत नाही, हे मेसमधले माझे वाक्य मी अजूनही मागे घेत नाही.) रक्तातून पसरलेला क्षय त्या थरात उतरतो आणि प्रतिकारशक्ती इतकी खालावली असता दाह फारसा उठत नाही, म्हणून दृष्टी शाबूत राहते, हे तुला मी काय सांगणार!

पाठीतले पाणी तपासून मेंदूच्या आवरणाचा क्षय नाही अशी खात्री केली, टीबीची औषधे सुरू केली आणि दोन आठवड्यांच्या आत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधेही. टीबीचे रिफॅम्पिसिन चालू असल्यामुळे एआरटीतले डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा. ताप उतरला, ती पोटभर जेवू लागली, आणि नेमकी तेव्हाच सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून रडत आली. पहिला संशय एथॅम्ब्युटॉलवर गेला; टीबीचे हे औषध दोन्ही डोळ्यांची नजर आणि लाल-हिरव्याची पारख बिघडवू शकते. पण तिने पिशवीतली लाल आणि हिरवी रिळे एकेक डोळा झाकून बिनचूक वेगळी केली, शिवाय बिघाड एकाच डोळ्यात आहे. सीएमव्ही या विषाणूचे रक्तस्राव आणि पांढरे पट्टेही नाहीत. गाठ मात्र फुगली आहे आणि तिच्याभोवती पाणी साचले आहे. म्हणजे सावरू लागलेल्या शरीराने आता त्या जंतूंवर धाव घेतली आहे, असेच मला वाटते.

माझी झोप उडाली आहे ती प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडच्या, विचाराने. न द्यावे, तर मॅक्युला जाईल. द्यावे, तर इतक्या कमी सीडी-फोरवर सीएमव्ही डोके वर काढील. आणि रिफॅम्पिसिन प्रेडनिसोलोनचा प्रभाव घटवते, म्हणून मात्राही वाढवावी लागेल. त्यातच एआरटीनेच डोळा गेला अशी तिची ठाम समजूत झाली असून ती गोळ्या बंद करण्याची भाषा करते. घरी फक्त टीबी झाल्याचे माहीत आहे, त्यामुळे तिला समजावण्यासाठी मला कोणाला मध्ये घालता येत नाही.

चिन्मयच्या निकालाबद्दल त्याला शाबासकी सांग. नव्या घराचे कुंदामावशीकडून कळले. सवडीने सविस्तर लिही.

पडद्याची छायाचित्रे नाव झाकून सोबत ठेवली आहेत. ती पाहून प्रेडनिसोलोनची मात्रा किती आणि कधीपासून कमी करायची, ते फोनवर सांग. टीबीची औषधे आणि एआरटी दोन्ही मी चालूच ठेवते आहे. त्यावर वाद घालायचा असला, तरी आधी छायाचित्रे पाहा.

तुझी,
वैशाली