झाडं लावा म्हणे, आधी आहेत ती ठेवा!

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला शहरातल्या झाडांच्या फायद्यांवरचा लेख वाचला. झाडं कार्बन शोषतात, धूळ अडवतात, हवा गार ठेवतात, सगळं बरोबर आहे, शाळेत असताना आम्हीही हेच घोकलंय. पण शेवटी 'प्रत्येक मुंबईकराने एक तरी रोप लावावं' वाचलं आणि डोकंच फिरलं. अहो लावू कुठे? खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस ठेवली तरी सोसायटीची नोटीस येते.

माटुंग्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पर्जन्यवृक्ष होता, विलायती शिरीष म्हणतात तो. साठीचा तरी असेल. संध्याकाळ झाली की पानं मिटून घ्यायचा. आई भाजी घेऊन आली की पिशवी टेकवून पाच मिनिटं त्याच्याखाली थांबायची, मगच जिना चढायची. गेल्या वर्षी रस्ता सिमेंटचा करायला घेतला, जेसीबीने अगदी खोडाला लागून चर खणला, मनगटाएवढी मुळं तुटून लोंबत होती. मी खाली जाऊन मुकादमाला म्हटलं दादा, मुळं तरी सोडा, तर म्हणतो "काका, मूळ लय खोल असतंय, काय होत नाय." कसलं खोल? अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. वर पुन्हा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं. दिल्लीच्या प्रकरणात हरित लवादाने 2013 मध्येच सांगितलंय की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. इथे वीतभर नाही ठेवली.

मग मे महिन्यात छाटणीवाले आले, वायरींच्या बाजूच्या तेवढ्या फांद्या उतरवल्या, सगळा भार दुसऱ्या अंगाला. जुलैत झाड कललं, त्यावर 'धोकादायक' असा कागद चिकटला आणि अर्ध्या दिवसात मैदान साफ. धोकादायक केलं कोणी, ते काही कागदावर नव्हतं.

राज्याच्या झाडं वाचवायच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, तीत पन्नाशीच्या पुढचं झाड वारसा वृक्ष आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं, असं आहे ना? म्हणून पालिकेच्या ऑफिसात जाऊन विचारलं, आमची साठ झाडं कुठे लावणार? साहेब हसले. "पडायला आलेलं ते, त्याला कसला वारसा?" आणि समजा लावली साठ, तर लावणार कुठेतरी लांब. आईने भाजीची पिशवी घेऊन तिथवर जायचं का?

आता त्या जागी एका भाऊंच्या सौजन्याने पत्र्याची शेड आलीय, भाऊंच्या फोटोसकट. दुपारी खाली उभं राहून बघा, भट्टी! पत्रा तापतो आणि खाली आग ओकतो. झाडाची पानं पाणी बाहेर सोडतात, त्याची वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढली जाते, म्हणून ती सावली गार लागते. भाऊंच्या फोटोला हे जमत नाही.

जाता जाता, त्याच अंकात पहिलं पान भरून 'निसर्गाच्या कुशीत' टॉवरची जाहिरात होती. लेख आत, कोपऱ्यात. असो, तुमचाही धंदा आहे.

एक विनंती, मागच्या खेपेला माझं पत्र निम्मं कापून छापलंत, तेही छाटणीवाल्यांसारखं एकाच बाजूने. हे तरी अख्खं छापा.

आपला,
एक जुना वाचक, माटुंगा