ह्युस्टनहून आबांना

ती. आबा, सा. न.

परवा फोनवर विचारलंत ना, तुमच्याकडे १९ जूनला कसली सुट्टी असते म्हणून, आवाज तुटत होता, आता सविस्तर लिहिते. त्याला जूनटीन्थ म्हणतात. लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला १ जानेवारी १८६३ ला, पण टेक्सासमधले गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम फौजेने गॅलव्हेस्टनला येऊन जाहीर केला १९ जून १८६५ ला. अडीच वर्षं! देशभर सुट्टी तर २०२१ पासूनच मिळायला लागली.

तर तो दिवस हे सुटलेले लोक दरवर्षी साजरा करायचे पण जमायचं कुठे, हक्काची जागाच नाही, म्हणून १८७२ मध्ये जॅक येट्स नावाचे पाद्री, जे स्वतः गुलामीतून सुटलेले, त्यांनी आणि आणखी काही जणांनी वर्गणी काढून ह्युस्टनच्या थर्ड वॉर्ड नावाच्या भागात १० एकर जमीनच घेतली. इमॅन्सिपेशन पार्क. सुटून जेमतेम ७ वर्षं झालेली, खिशात काय असणार सांगा! सुरुवातीला तर देखभालीलाही पैसे नसायचे, पार्क फक्त सणापुरतं उघडायचे.

डोकं फिरतं ते पुढचं वाचून. लोकांनी पार्क शहराच्या ताब्यात दिलं, आणि १९२२ ते १९४० एवढ्या मोठ्या ह्युस्टनमध्ये ब्लॅक लोकांना जायला पब्लिक पार्क काय तर हे एकच. म्हणजे स्वतः पदरमोड करून घेतलेलं तेवढंच त्यांचं, बाकी गावच्या बागा गोऱ्यांच्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे याच काळातला, तिथेही नगरपालिकेने तळं खुलं करायचा ठराव करूनही दलितांना पाणी बंदच होतं ना.

आणि पार्कच्या दारातला रस्ता कुणाच्या नावाचा? डाऊलिंग. यादवी युद्धात गुलामीवाल्या दक्षिणेकडून लढलेला तोफखान्याचा अधिकारी! शेजारच्या रस्त्याला त्याच्या आयर्लंडमधल्या गावाचं नाव. पोरं त्या पाट्या बघत खेळायला यायची. २०१७ ला पाटी बदलून इमॅन्सिपेशन अव्हेन्यू झालं, त्याच जूनमध्ये पार्कही नव्याने बांधून उघडलं. झालंय झकास, पण आता आजूबाजूची घरं महाग होऊन जुनी माणसंच बाहेर पडतायत, त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

आम्ही यंदा गेलो होतो. रणरणतं ऊन, बार्बेक्यूचा धूर, आजीलोक घरून घडीच्या खुर्च्या आणून झाडाखाली जागा धरून बसलेले. त्या दिवशी खाणंपिणं लाल हवं, कलिंगड, लाल सोडा वगैरे, धाकट्याने सोडा सगळा शर्टावर सांडला आणि तसाच कारंज्यात घुसला.

पुढच्या वर्षी येताय तर परतीचं तिकीट २० जूननंतरचं काढायला सांगा बाबांना, आणि टोपी आणा, इथली तुम्हाला आवडणार नाही.

तुमची,
मनू