वर्गणीवरील 15 टक्के कमिशन आणि नाकारलेल्या अपडेटबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ॲप स्टोअर विभाग

महोदय,

तलाठी भरती आणि एमपीएससीच्या सराव प्रश्नांचं मराठी ॲप आम्ही दोघी बहिणी सांगलीहून चालवतो. वर्षाची वर्गणी 500 रुपये. त्यातले 75 रुपये तुम्ही कापून घेता.

ॲप तपासणं, साठवणं, अपडेट पोहोचवणं याला खर्च येतो, आणि तो द्यायला आमची ना नाही. पण टॅक्सी, जेवण, किराणा यांच्या ॲपकडून त्यांच्या विक्रीवर तुम्ही काहीच घेत नाही. त्यांची तपासणीही तुम्हीच करता, अपडेटही तुमच्याच सर्व्हरवरून जातात, आणि ती आमच्यापेक्षा कितीतरी जास्त फोनांत आहेत. हेच प्रश्न छापून, पुस्तक म्हणून याच ॲपमधून विकले, तर कमिशन शून्य. स्क्रीनवर दाखवले की 15 टक्के! मग हे शुल्क नेमक्या कोणत्या सेवेचं?

पैसे गोळा करण्याचा खर्च म्हणाल, तर यूपीआयवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दल व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, लागत नाही. विद्यार्थ्याने पुस्तकाच्या दुकानात स्कॅन करून 500 रुपये दिले, तर दुकानदाराला पूर्ण 500 मिळतात.

‘आमच्या वेबसाइटवर हीच वर्गणी 425 रुपयांत मिळेल’ एवढी ओळ ॲपमध्ये टाकली म्हणून तुम्ही आमचं अपडेट नाकारलंत. त्याच अपडेटमध्ये चुकीच्या उत्तरांच्या दुरुस्त्या होत्या. परीक्षा तोंडावर असताना मुलं चुकीची उत्तरं पाठ करत राहिली, याचा आम्हाला फार त्रास झाला. विचारणा केली की दर वेळी तेच छापील उत्तर येतं.

याच क्षेत्रातल्या एका प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर 2022 मध्ये 936.44 कोटी रुपयांचा दंड केला होता. अपिलात मार्च 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आला. स्वस्त पर्याय ग्राहकाला सांगण्यापासून विकसकाला अडवू नये, असं आयोगाने त्या आदेशात बजावलं होतं. हे तुम्हाला ठाऊक नसेल, असं वाटत नाही.

आमचं अपडेट त्या ओळीसकट मंजूर करा. 75 रुपयांत तपासणीचे किती, साठवणुकीचे किती, वसुलीचे किती, याचा हिशेब लेखी द्या. 30 दिवसांत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं नाही, तर सगळा पत्रव्यवहार जोडून आम्ही आयोगाकडे जाऊ.

आपल्या,
दोन ॲप विकसक, सांगली