ह्यूम म्हटलं की फक्त काँग्रेसवाले आठवतात

संपादक साहेब,

दुष्काळावरची आपली लेखमाला वाचतोय, आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे टँकरची वाट बघणं काय असतं ते आम्हाला माहितीये, पण त्यात रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांचं नाव कुठंच नाही याचं खरंच वाईट वाटलं. काँग्रेसवाले ॲलन ह्यूम नव्हे हां, हे पाद्री होते, १८४७ ला मुंबईत जन्मले, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकले अन् नंतर आयुष्य घातलं अहमदनगरला. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मदत लोकांपर्यंत पोचवायचं मोठं काम त्यांनी केलं, त्याबद्दल सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पदकाचं सोडा, पण आपल्याकडच्या पोरांना हा माणूस माहीतच नाही. त्यांच्यावर एक लेख छापाच, प्लीज.

– एक वाचक, अमळनेर