मोडीसाठी वेगळे दालन, पण इतक्यात नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी मिरजेची निवृत्त ग्रंथपाल. इतिहासाची आवड असलेल्या आम्हा मंडळींचे एक छोटे मराठी संकेतस्थळ आहे. नेमाने लिहिणारे जेमतेम पन्नासेक. तिथल्या 'इतिहास' या एकाच विभागाचे आता मोडी, नाणी, किल्ले, वीरगळ असे तुकडे करायचे घाटते आहे. माझा त्याला विरोध आहे. अशी स्थळे चालवणारे आपल्या वाचकांतही असतील, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने घरातल्या मोडी कागदाचा फोटो टाकला. जाणकारांनी अक्षरे लावून दिली, पण 'पाव चाहूर' म्हणजे जमीन किती, यावर घोडे अडले. उत्तर दिले किल्ल्यांच्या गप्पांसाठी येणाऱ्या एका शेतकरी सभासदाने: वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर, म्हणजे पाव चाहूर ३० बिघे. त्यांना मोडीचे एक अक्षर येत नाही. मोडीच्या वेगळ्या दालनात ते कशाला डोकावले असते?

रेडिटसारख्या अफाट इंटरनेट चर्चास्थळी बारीक विषयालाही माणसे मिळतात. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या अ‍ॅपांवर शुल्क लावले, तेव्हा रागावलेले अनेक जण लेमी या तशाच दुसऱ्या चर्चास्थळावर गेले आणि रेडिटवरच्या गटांच्या नकला तिथे काढून बसले. लेमीत सर्व्हर अनेक आणि प्रत्येकाचे गट वेगळे, त्यामुळे एकाच विषयाचे गटही अनेक. त्यांतले पुष्कळ ओस पडले. नवखा माणूस येतो, कित्येक दिवस अनुत्तरित पडलेला प्रश्न पाहतो आणि मागे फिरतो. यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याच्या मुख्य शाखांत नवा गट काढायचा तर आधी चर्चा, मग मतदान होई. होकार नकारांपेक्षा किमान १०० ने जास्त आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश लागत. माणसे आहेत हे आधी दाखवावे लागे. ग्रंथालयातही तीन पुस्तकांसाठी आम्ही कधी वेगळे कपाट मांडले नाही.

मोडीवाल्यांची तक्रार मात्र खरी आहे. किल्ल्यांच्या फोटोंच्या गर्दीत त्यांचा कागद खाली जातो, आणि एखाद्याच्या पणजोबांचे नाव न वाचताच राहते. याचे मला फार वाईट वाटते. त्यासाठी शीर्षकात 'मोडी' लिहिण्याची सक्ती करावी आणि चालकांनी दर रविवारी अनुत्तरित धागे, म्हणजे चर्चा, वर काढावेत. ते काम मी आनंदाने करीन. मोडीचे धागे इतके वाढले की किल्लेवालेच कुरकुरू लागले, तर वेगळ्या दालनाला पहिले मत माझे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, मिरज